ऋजुताची साक्षीदार

मनगटाला पट्टी एकदा बांधली की बोलायचं नाही, हे शिबिराच्या कामातल्या एका मुलीनं मला दुसऱ्यांदा सांगितलं.

"एक शब्दसुद्धा नाही, मॅडम. साक्षीदार बोलला की त्याच्या माणसाचं क्रॉसिंग रद्द. सरांचा नियम आहे."

"आणि पट्टी कधी बांधणार?"

"सर आले की. तोवर काय बोलायचं ते बोलून घ्या." ती हसली आणि पुढच्या खुर्चीकडे गेली.

ऊन नुकतंच वर आलं होतं. भोरच्या पुढे, धरणाच्या फुगवट्याकाठी विश्वजित रणवरे यांचं शिबिर शुक्रवारपासून चालू होतं. ते लाइफ कोच होते. हा शब्द तेव्हा पुण्यात नुकताच कानावर येऊ लागला होता आणि त्याचा नेमका अर्थ मला माहीत नव्हता. शिबिराचा शेवट रविवारी असा व्हायचा: फुगवटा जिथे अरुंद होतो तिथे प्रत्येकानं पोहून पलीकडे जायचं, आणि घरच्या एका माणसानं काठावर गप्प बसून ते पाहायचं. माझ्या धाकट्या बहिणीनं, ऋजुतानं, साक्षीदार म्हणून माझं नाव दिलं होतं. आईचं देणं शक्यच नव्हतं. ऋजुता बँकेच्या ट्रेनिंगला गेली आहे, एवढंच आईला ठाऊक होतं.

ऋजुता तंबूतून बाहेर आली. पोहण्याचा काळा पोशाख, त्यावर टॉवेल.

"आलीस. मला वाटलं, ऐन वेळी टांग मारशील."

"झोप झाली?"

"आधी गुड मॉर्निंग म्हणतात, ताई."

"डोळे लाल आहेत तुझे."

"दोन रात्री जागतोय सगळे. पण इतकं ताजं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. खरंच." तिनं माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. हात गार होता.

"सकाळची गोळी घेतलीस?"

ती पाण्याकडे पाहत राहिली. "गोळ्या मी शुक्रवारीच देऊन टाकल्या."

"दिल्या म्हणजे? कुणाला?"

"कुबडी म्हणून. पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपली कुबडी सरांच्या झोळीत टाकायची. ज्याच्याशिवाय आपलं चालत नाही असं वाटतं, ती वस्तू. कुणी सिगारेटचं पाकीट टाकलं, एका काकांनी घड्याळ टाकलं. मी गोळ्यांची डबी टाकली. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या."

ऋजुता तेव्हा बत्तीस वर्षांची होती. एकोणिसाव्या वर्षी कॉलेजच्या जिन्यात तिला पहिली फिट आली, तेव्हापासून गोळी रोज दोनदा. त्याआधी ती जिल्हा पातळीवर पोहत असे. फिटनंतर आईनं तिचा पोशाख कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आणि पाण्याचं नाव घरात परत निघालं नाही. डोस बसायला वर्षं गेली, पण बसला. अडीच वर्षांत एकही फिट नव्हती. आता बँकेनं तिला बढती देऊ केली होती, नागपूरला. आई म्हणे, एकटी राहणार असशील तर माझ्या अंगावरून जा. मी काहीच म्हणत नव्हते, आणि ऋजुताच्या मते ते आईच्या म्हणण्याहून वाईट होतं.

"ते औषध अर्ध्या दिवसात रक्तात निम्म्यावर येतं," मी म्हटलं. "शुक्रवारपासून आजपर्यंत जवळजवळ काही उरलेलं नाही. त्यात जागरण."

मी औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत असे. हे मी रोजच्या कामाच्या आवाजातच बोलले असणार, कारण तिनं डोळे मिटून घेतले.

"अडीच वर्षं काही झालेलं नाही."

"गोळ्या होत्या म्हणून झालेलं नाही."

"तुला नक्की माहीत आहे?"

"हो."

"तुला सगळंच नक्की माहीत असतं. म्हणून तर गप्प बसायच्या खुर्चीत बसवलंय तुला."

मी पर्स उघडली. तिच्या गोळ्यांची एक पट्टी माझ्या पर्समध्ये कायम असे. तिनं माझा हात पर्ससकट खाली दाबला.

"इथे नको. देशमाने आहेत."

देशमाने तिच्याच शाखेतले. पाण्याजवळ उभे राहून खांदे फिरवत होते.

"इथे कुणाला माहीत नाही?"

"कुणालाच नाही. सरांनासुद्धा नाही. त्यांनी कधी विचारलं नाही." ती माझ्या कानाशी आली. "तुला कळणार नाही, पण तीन दिवस मी कुणाचीही पेशंट नव्हते. तू बोललीस ना, ताई, तर मी तुझ्याशी परत बोलणार नाही. हे मी रागात सांगत नाहीये."

ती निघून गेली. रागात सांगत नव्हती, हे खरं होतं.

विश्वजित सर तंबूंच्या बाजूनं येत होते. पन्नाशीच्या आतले, उंच, पांढरा कुडता, अनवाणी. येताना प्रत्येकाला नावानं हाक मारत होते. मी उठून आडवी गेले.

"मी ऋजुता कारखानीसची बहीण."

"वैजयंतीताई. माहीत आहे मला." त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "तिच्या बोलण्यात तुम्ही बऱ्याचदा असता."

"पाण्यात उतरवण्याआधी तुम्ही लोकांना तब्येतीचं काय विचारता?"

"मी आजार विचारत नाही, ताई. मी माणूस विचारतो."

हे वाक्य त्यांचं ठरलेलं असावं. बाजूच्या मुलीनं मान डोलावली.

"पोहता येतं का, हे तरी?"

"ते ज्याचं त्याला कळतं."

"तुमच्या झोळीत गोळ्यांची डबी आहे. कसल्या आहेत त्या?"

"जिनं टाकल्या तिला माहीत. मी झोळी उघडत नाही."

"ती डबी मला हवी आहे."

त्यांनी माझे हात सोडले. आवाज मात्र तसाच मऊ राहिला. "ताई, एक सांगू? तिनं परवा सगळ्यांसमोर सांगितलं, तिच्या घरी बाथरूमला आतून कडी नाही. तेरा वर्षं. बत्तीस वर्षांची बाई आंघोळीला जाते आणि बाहेर आई दाराला कान लावून बसते. हे सांगताना ती रडली, आणि मग तिनं पहिल्यांदा म्हटलं की मला नागपूरला जायचंय. इतक्या वर्षांत तुमच्यासमोर म्हणाली होती?"

नव्हती म्हणाली. तो माणूस लबाड असता तर मला सोपं गेलं असतं. तिच्या तोंडून जे आम्हाला काढता आलं नव्हतं, ते त्यांनी काढलं होतं.

"कडी का नाही, हे विचारलंत तुम्ही?"

"'का' नं माणूस मागे जातो. मी पुढचं विचारतो."

"विचारायला हवं होतं."

"तुम्ही तिला लहान ठेवताय, ताई," ते म्हणाले आणि पुढे गेले.

मग ती मुलगी आली आणि माझ्या मनगटाला पांढरी पट्टी बांधून गेली.

आम्ही दहाबारा साक्षीदार ओळीनं बसलो होतो. माझ्या शेजारी साताऱ्याचे एक निवृत्त मास्तर होते, मुलासाठी आलेले. पट्टी बांधलेली असूनही ते हळूच पुटपुटले, "पाणी गार असणार." कुणी हटकलं नाही.

मी होडी शोधत होते. होडी होती, पण ती पार पलीकडच्या काठाजवळ. माणसं बाहेर निघतात तिथे. तीत वल्हं धरलेला एक जण आणि कॅमेरा धरलेला एक जण. अलीकडच्या काठावर लाइफ जॅकेटांचा ढीग होता आणि ती कुणी घातली नव्हती. सर म्हणाले होते, ज्याला शंका आहे त्यानं घ्यावं.

पहिला मुलगा पलीकडे पोचला. ढोल वाजला. दुसरी एक बाई निम्म्यावर थांबली, पाठीवर तरंगली, पुन्हा निघाली, पोचली. ती तरंगत होती तेव्हा होडी हललीसुद्धा नाही. मी मनात हिशेब केला: मध्यावर माणूस बुडू लागला तर होडी पोचायला किती वेळ. उत्तर मला आवडलं नाही. फिट आलेला माणूस मदतीसाठी हात वर करत नाही, हाक मारत नाही. पलीकडून पाहणाऱ्याला तो पोहायचा थांबला आहे इतकंच दिसेल.

"ऋजुता," सरांनी हाक मारली. "चल, वाघिणी."

टॉवेल टाकून ती निघाली. तिची चाल मी ओळखली. स्पर्धेच्या वेळी ती अशीच चालत असे, पावलं जरा आत वळवून, कुणाकडे न पाहता. घोट्यापर्यंत पाणी, मग गुडघ्यापर्यंत. ती थांबली, ओंजळभर पाणी मानेवर घेतलं आणि कमरेपर्यंत आत गेली.

मी उभी राहिले. "ऋजुता."

फार मोठ्यानं नव्हे. पण तिथे दुसरा आवाज नव्हता.

ती वळली. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं आणि पुन्हा पाहायला नको असं ठरवलं. मास्तर माझ्या कुडत्याचं टोक ओढून "बसा, बसा" म्हणत होते.

"साक्षीदार बोलला," कुणीतरी मागून म्हणालं.

म्हणजे क्रॉसिंग रद्द. मला तेवढंच हवं होतं. कुणाला काही न सांगता, तिचं गुपित न फोडता, नियमानंच ती बाहेर आली असती. मग आयुष्यभर अबोला धरला असता तरी चाललं असतं.

विश्वजित सर काठावर उभे राहून सगळ्यांकडे वळले. "पाहिलंत? कुबडी झोळीत गेली तरी कुबडी देणारा हात जात नाही. तो काठावर खुर्ची टाकून बसतो." लोक हसले. "आज मी माझाच नियम मोडतो. ऋजुता, तू ठरव. तुला जायचंय की ताईचं ऐकायचंय?"

हे मी धरलं नव्हतं. माझ्याजवळ आता एकच गोष्ट उरली होती आणि ती माझी नव्हती. देशमाने चारपाच हातांवर होते. मी तोंड उघडलं. ऋजुतानं पाण्यातून माझ्याकडे पाहून मान हलवली, अगदी थोडी. नको.

मी थांबले. आणखी एका श्वासानंतर मी बोललेच असते.

"सर, एक विचारू?" ऋजुता म्हणाली.

"विचार की."

"मधोमध गेल्यावर माझी शुद्ध हरपली, तर?"

"नाही हरपणार. मी तुझ्या डोळ्यांत पाहतोय ना."

"तरी पण. हरपली, तर तुम्ही काय कराल?"

"ऋजुता, असले सगळे 'तर' आपण शुक्रवारी झोळीत टाकले. हो की नाही?"

टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली. बँकेच्या खिडकीत समोरच्या माणसाचं फोनवरचं बोलणं संपण्याची ती अशीच वाट पाहत असेल.

"होडी तिकडे आहे," ती म्हणाली. "तुम्ही इकडे. तुम्हाला पोहता येतं?"

"विषय माझा नाहीये."

"येतं का, सर?"

"बेटा, तुझं मन पळवाट शोधतंय."

"म्हणजे काय करायचं ते तुम्हाला माहीत नाही," ती म्हणाली. कुणाला दोष द्यावा तसं नव्हे. प्रयोगातलं निरीक्षण नोंदवावं तसं. मग तिनं एकदा देशमान्यांकडे पाहिलं. "मला फिट्स येतात, सर. झोळीत आहेत त्या त्याच गोळ्या."

कुणी टाळी वाजवली नाही.

सर दोन पावलं मागे सरले. पाण्यापासून, खरं तर तिच्यापासून. "हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं, मॅडम," ते म्हणाले.

तीन दिवस ती 'तू' होती, वाघीण होती. आता मॅडम झाली. त्या मुलीला त्यांनी हळू आवाजात काहीतरी सांगितलं आणि मुलगी आमच्याकडे धावत आली. "तुम्ही यांना घरी घेऊन जाल ना? लगेच?" मी पाण्यात शिरून ऋजुताचा हात धरला तेव्हा सर पुढचं नाव पुकारत होते. पण आधी त्यांनी विचारलं, "आणखी कुणाला काही आहे का?" एक हात वर झाला. मग दुसरा.

गाडीपर्यंत ती माझ्या पुढे चालत राहिली. मी डबी मागून आणली होती. तिनं तळहात पुढे केला, मी गोळी ठेवली, तिनं पाण्याबरोबर गिळली. तेवढ्यात देशमाने तिची बॅग घेऊन आले.

"कारखानीस मॅडम, मी शाखेत काही बोलणार नाही."

"बोला," ऋजुता म्हणाली. "नागपूरला जायच्या आधी मला सांगावं लागणारच आहे. तुमच्यापासून सुरुवात झाली, एवढंच."

ते बॅग धरूनच उभे राहिले. शेवटी तिनंच ती काढून घेतली.

गोळी पोटात गेली म्हणजे रक्तात पोचली असं नसतं. भोरच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर थांबलो. ऋजुता बाकावर बसली, म्हणाली, "ताई, मला कसलातरी वास येतोय," आणि तिची मान डावीकडे वळत गेली. मी तिला धरून जमिनीवर घेतलं, कुशीवर केलं, दुपट्टा डोक्याखाली सारला आणि घड्याळ पाहिलं. माणसं जमली. "चप्पल हुंगवा," एक जण म्हणाला. "कांदा आण रे आतून." "दातांत चमचा घाला, जीभ तुटंल." मी म्हटलं, काही घालायचं नाही, मागे सरका, वारा येऊ द्या. टपरीवाल्या बाईंनी सगळ्यांना शिव्या घालून मागे सारलं आणि आपल्या पदरानं ऋजुताचे पाय झाकले.

पाण्यात असती तर तेव्हाच फिट आली असती, असं मी आजही म्हणत नाही. एका घटनेवरून काही सिद्ध होत नाही.

शुद्धीवर येताना तिला थोडा वेळ काही उमगत नसे. तिनं माझ्याकडे पाहिलं. तोंडाच्या कोपऱ्यात माती लागली होती.

"मी पलीकडे पोचले?"

"नाही."

"पोचायला पाहिजे होतं," ती म्हणाली आणि झोपून गेली.

घरी दोन आठवडे ती माझ्याशी मोजकंच बोलली. मग एक दिवस म्हणाली, "गाडी काढ. मला कोच बघायचाय."

"पुन्हा?"

"तो माणूस चुकीचा होता, ताई. मला जे हवं होतं ते चुकीचं नव्हतं."

एरंडवण्यात एका गृहस्थांकडे गेलो. त्यांनी पहिली वीस मिनिटं ते स्वतः कसे सावरले हे सांगितलं. मग ऋजुतानं विचारलं, मी तुमच्यासमोर बेशुद्ध पडले तर तुम्ही काय कराल. ते म्हणाले, "माझ्याकडे आल्यावर तसं होणारच नाही." गाडीत बसताना ती म्हणाली, "पुढे चल."

पुण्याच्या कॅम्प भागात निलोफर मुजावर म्हणून एक बाई होत्या. आधी कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी होत्या, मग कोचिंग शिकल्या. साधी खोली, दोन खुर्च्या. मी तिसरी खुर्ची ओढू लागले तर त्या म्हणाल्या, "ताई बाहेर बसतील."

दार पुरतं लागलं नव्हतं. मी ऐकलं.

"तुमच्यासमोर बेशुद्ध पडले तर काय कराल?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मी कधी पाहिलेलं नाही. काय करायचं ते तुम्हीच मला सांगा."

मग ऋजुता बोलू लागली. तेरा वर्षांत तिनं हे कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं, नेहमी आई सांगे किंवा मी. कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही. घड्याळ पाहायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखान्यात. शुद्धीवर आल्यावर मला नाव विचारत बसू नका, मला लाज वाटते.

"बरं," बाई म्हणाल्या. "आता माझं. तुमचा आजार डॉक्टरांकडे, तो माझ्याकडे आणायचा नाही. गोळ्या चालू असतील तरच मी काम करीन. आणि नागपूरला जावं की नाही, हे मी सांगणार नाही. तिथे गेल्यावर पहिल्या रात्री काय काय लागेल, ते आपण मांडू."

"ताईला विचारून सांगते," ऋजुता म्हणाली, सवयीनं असणार.

"का?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. उत्तर मला ऐकू आलं नाही. मी उठून जिन्यात जाऊन उभी राहिले.

ती दिवाळीनंतर नागपूरला गेली. आई स्टेशनवर आली नाही. फिट आली तर कुणाला कळवायचं म्हणून तिनं घरमालकीणबाईंचं नाव ठरवलं, माझं नव्हे. पुण्याहून तू येईपर्यंत काय उपयोग, म्हणाली. ते बरोबर होतं. तरी ते पचायला मला वेळ लागला.

पुढल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तिचा फोन आला. भाड्याचं बोलली, नव्या साहेबांचं बोलली, तिथल्या तर्री-पोह्यांचं बोलली.

"बरं, गेल्या आठवड्यात एक आली," ती म्हणाली.

मी मेथी निवडत होते. हातातली काडी खाली ठेवली. "कुठे?"

"शाखेत. जेवणाच्या सुट्टीत. शेजारच्या टेबलावरच्या मेश्राम बाईंनी कुशीवर वळवलं. मी सगळ्यांना शिकवून ठेवलंय. शिपायानं घड्याळ पाहिलं. नाव कुणी विचारलं नाही."

गेला आठवडा. म्हणजे पाच-सहा दिवस ती गोष्ट घडून गेलेली होती आणि मी त्या दिवसांत प्रयोगशाळेत गेले होते, झोपले होते, आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. गोळी चुकली होती का, डॉक्टरांना कळवलं का, डोस तपासला का. तीनही प्रश्न माझ्या ओठांवर होते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. थोडी झोपले, दुपारनंतर काउंटरला बसले. डॉक्टरांना कळवलंय, तू विचारायच्या आत सांगते. तुझं काय चाललंय?"

"मेथी निवडतेय."

"आई?"

"आत टीव्ही बघतेय. तिला सांगू?"

"मीच सांगते. दे तिला फोन."

मी फोन घेऊन आत गेले, आईच्या हातात दिला आणि परत येऊन मेथीसमोर बसले.